मर्फीचे नाव कोणी घेतले?

पॉल व्हरहोवन यांचा ‘रोबोकॉप’ हा चित्रपट 1987 साली आला. डेट्रॉइट शहरातल्या अ‍ॅलेक्स मर्फी या पोलिसाला गुंड गोळ्या घालून ठार करतात. शहराचे पोलीस खाते चालवायला घेतलेली कंपनी त्याच्या उरल्यासुरल्या देहावर पोलाद चढवते, मेंदूत आज्ञा भरते आणि त्याला गस्तीवर धाडते. कागदोपत्री तो मेलेला आहे. त्यामुळे त्याला पगार नाही, रजा नाही आणि तक्रारीची सोयही नाही. शेवटच्या प्रसंगात कंपनीचा म्हातारा अध्यक्ष त्याला नाव विचारतो. तो आपले आडनाव सांगतो आणि चित्रपट संपतो.

या शेवटाचा नेहमीचा अर्थ सोपा आहे. पोलादाच्या आत माणूस शिल्लक होता, तो जागा झाला. आठवणी पुसता येतात, आत्मा पुसता येत नाही. शस्त्राने आत्मा छेदला जात नाही हे ज्या देशात लहानपणीच कानावर पडते, तिथे हा अर्थ आणखीच पटकन गळी उतरतो. यंत्रात अडकलेल्या नायकाने स्वतःच्या बळावर स्वतःला सोडवले, असे म्हणून आपण समाधानाने उठतो.

मला हा अर्थ अपुरा वाटतो. चित्रपट नीट पाहिला तर तो वेगळेच काही सांगतो, आणि ते जे सांगतो त्याची खरीखुरी पडताळणी गेल्या नव्वद वर्षांत वर्धा जिल्ह्यात झालेली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हिरावले गेलेले माणूसपण कोणालाही एकट्याच्या हिमतीवर परत मिळत नाही. ते इतर चारचौघांनी त्याला परत द्यावे लागते. आणि या व्यवहारात देणाऱ्यालाही त्याचे स्वतःचे काहीतरी परत मिळते.

आधी सायबॉर्गची, म्हणजे देहाला यंत्र जोडलेल्या माणसाची, कुळकथा पाहू. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन शास्त्रज्ञांनी ही कल्पना 1960 साली अंतराळ प्रवासासंबंधीच्या एका लेखात मांडली. अंतराळात जाणाऱ्याने पृथ्वीचे वातावरण पाठीवर वाहून नेण्यापेक्षा त्याचे शरीरच तिथल्या परिस्थितीला जुळेल असे करावे, हा त्यांचा विचार. शरीर सांभाळण्याची कटकट यंत्रणेवर सोपवली की माणूस शोध घ्यायला, विचार करायला, अनुभवायला मोकळा राहील, अशी त्यांची अपेक्षा होती. म्हणजे मूळ स्वप्न मुक्तीचे होते. विज्ञानकथेने मात्र त्यातली भीती हेरली. मार्टिन केडिन यांची ‘सायबॉर्ग’ कादंबरी 1972 साली आली. तिच्यावरून निघालेल्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने तर नायकाची साठ लाख डॉलर ही किंमतच शीर्षकात घातली. माणसाच्या नावाआधी त्याच्या दुरुस्तीचा खर्च, हा पुढच्या सगळ्या सायबॉर्ग-कथांचा नमुना म्हणता येईल.

मराठी विज्ञानकथेने यंत्राचा प्रश्न पुष्कळ हाताळला. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या 1986 सालच्या कादंबरीत प्रश्न असा आहे, की माणसाने घडवलेले बुद्धिमान यंत्र उद्या माणसाच्याच डोक्यावर पाय ठेवील का? हा यंत्राच्या महत्त्वाकांक्षेचा प्रश्न झाला. अर्धा देह गमावलेल्या, ज्याला इतरांनी माणसांतून वजा केले आहे अशा माणसाचा प्रश्न निराळा. तो आपल्याकडे कथेत जेवढा आला त्यापेक्षा फार जास्त प्रत्यक्षात, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आणि दत्तपूरच्या मातीत हाताळला गेला. म्हणून या विषयावर विचार करायचा तर मला डेट्रॉइटपेक्षा वर्धा जवळचे वाटते.

पण आधी चित्रपट. मर्फीला स्वप्न पडते, आपल्यावर गोळ्या झाडणारे चेहरे दिसतात. ही जाग आतूनच येते, हे मान्य. पण त्या स्वप्नाचा अर्थ त्याला लागत नाही. पिस्तूल बोटावर गरगर फिरवून म्यानात ठेवायची एक सवय त्याला होती. टीव्हीवरच्या नायकाची ही लकब त्याच्या लहानग्या मुलाला आवडायची, म्हणून त्याने ती उचललेली. यंत्र झाल्यावरही त्याचा हात ती लकब करून जातो. स्वतः त्याला त्यात काही वावगे दिसत नाही. ते दिसते अ‍ॅन ल्यूइसला, त्याच्या जुन्या सहकारी पोलीस शिपाई बाईला. ती त्याला वाटेत अडवते, नाव विचारते आणि तो मर्फी आहे हे त्याच्या तोंडावर सांगते. त्यानंतर तो स्वतःची नोंद शोधतो, ‘मृत’ असा शेरा वाचतो, रिकाम्या घरात जाऊन येतो. म्हणजे शेवटी तो अध्यक्षाला जे नाव सांगतो ते त्याला आधी कोणीतरी दिलेले आहे.

त्याहून बोलका प्रसंग पुढे आहे. ओसाड पोलाद कारखान्यात मर्फी लपून बसला आहे. डोक्यावरचे शिरस्त्राण त्याने स्वतःच्या हाताने उतरवले आहे. बायको-मुलाविषयी तो सांगतो, की ती जाणवतात, पण आठवत नाहीत. त्याची नेम धरण्याची यंत्रणा बिघडलेली आहे. ल्यूइसने त्याच्यासाठी लहान मुलांच्या खाऊच्या बाटल्या आणल्या आहेत. त्या बाटल्यांवर तो नेम धरतो, गोळी चुकते. मग ती त्याचा पोलादी हात आपल्या हाताने जरा सरकवते. गोळी लागते. लाखो डॉलरच्या यंत्राचा नेम दुरुस्त होतो तो शेजारी बसलेल्या एका माणसाच्या हाताने. या एका दृश्यात सबंध चित्रपटाचा अर्थ आहे असे मी समजतो. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या 1983 च्या चित्रपटातला, अर्धा यंत्र झालेला डार्थ व्हेडरही काही ध्यान लावून माणूस होत नाही. त्याला ठार मारायला नकार देणारा मुलगा समोर उभा राहतो, तेव्हा तो बदलतो, आणि शेवटी त्याचा मुखवटाही तो मुलगाच उतरवतो.

आता वर्धा, आणि तिथले कुष्ठरोगाचे काम. कुष्ठरोगाचा जंतू त्वचेवर आणि नसांवर हल्ला करतो. नस मेली की हातापायाची संवेदना जाते. बोटे झडून पडतात हा आपल्या डोक्यातला पक्का समज चुकीचा आहे. वेल्लोरला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे गेल्या शतकाच्या मध्यात जगाला नीट समजावून दिले. बोटांची नासाडी होते ती मुख्यतः दुखत नाही म्हणून. चुलीवरचे तापलेले भांडे उघड्या हाताने उचलले जाते आणि कळत नाही. बिडी बोटांपर्यंत जळत येते आणि कळत नाही. रात्री झोपेत उंदीर कुरतडून जातो, ते सकाळी रक्त पाहिल्यावर कळते. मग जखम चिघळते, हाड झिजते, बोट आखूड होत जाते.

विज्ञानकथेतला सायबॉर्ग ज्या गुणासाठी हेवा करण्याजोगा ठरतो तो नेमका हाच आहे. त्याला दुखत नाही. गोळी लागली, आगीतून चालला, तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. कुष्ठरोगाने शतकानुशतके दाखवून दिले आहे की वेदना नसणे हे सामर्थ्य नाही. ज्याला दुखत नाही त्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही. अशा माणसाला आपल्याच हाताकडे परक्यासारखे डोळ्यांनी पाहायला शिकावे लागते. रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचे, आरसा खाली धरून तळवे तपासायचे, मऊ रबराच्या एमसीआर चपला घालूनच वावरात जायचे. त्वचेचे काम डोळ्यांवर सोपवण्याची ही रोजची शिस्त आहे. नवा यंत्रहात बसवलेल्या माणसालाही हेच करावे लागते : वस्तू किती घट्ट धरली आहे हे हात सांगत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते.

इथे कोणी म्हणेल, कुष्ठरुग्णाची यंत्राशी तुलना करणे बरे नाही. बरोबर आहे, आणि ती मी करतही नाही. रुग्ण कधीच यंत्र नव्हता. त्याची स्मृती, बुद्धी, राग-लोभ सारे शाबूत असते. मर्फीला घरची माणसे जाणवतात पण आठवत नाहीत. कुष्ठरुग्णाला सारे आठवते, बोटांना तेवढे जाणवत नाही. एकाची स्मृती गेली, दुसऱ्याची स्पर्शसंवेदना. आणि तरी दोघांच्याही वाट्याला एकच शिक्षा येते. घर बंद होते, नाव जाते, जिवंतपणी मेल्याची नोंद होते. तेव्हा माणसांतून बाद होण्याचे कारण शोधायचे तर ते ना स्मृतीत सापडते ना शरीरात. ते सापडते बघणाऱ्याच्या नजरेत. तुलना करायचीच तर ती त्या नजरांची करावी.

मनोहर दिवाण हे विनोबांचे सहकारी. त्यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. खात्रीचे औषध हाताशी नव्हते. चालमोगऱ्याच्या तेलाची टोचणी, जखमांची साफसफाई, शेती आणि सूत, एवढ्या सामग्रीवर ते काम उभे राहिले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस गांधीजी शेगावला राहायला आले. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. आश्रमात 1939 साली परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे विद्वान, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले आणि कुष्ठरोगाने ग्रासलेले. येरवड्याच्या तुरुंगात ते आणि गांधीजी एकाच काळात होते. गांधीजींच्या 1932 च्या उपोषणाची सांगता झाली त्या वेळी रवींद्रनाथांच्या गाण्यापाठोपाठ परचुरे शास्त्रींनी संस्कृत वचने म्हटली होती. आता घर नाही, गाव नाही, देह खचलेला, अशा अवस्थेत ते सेवाग्रामला पोचले.

आश्रमात बायका-मुले होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे संसर्गाची धास्ती खरी होती. गांधीजींनी शास्त्रींसाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून घेतली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. गांधीजी त्यांची सेवा करीत आहेत, असे त्या वेळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आजही बापूकुटी पाहून बाहेर पडले की थोड्या अंतरावर ती परचुरे कुटी दिसते. बहुतेक लोक तिच्यावरून पुढे जातात. मला ती आश्रमातली फार महत्त्वाची वास्तू वाटते. इथे कोणाला बरे करण्यात यश आले नाही. मालिशने जंतू मरत नाहीत, आणि तसा दावा कोणी करूही नये. पण ज्याला गावाने वेशीबाहेर काढले होते त्या पंडिताला पुन्हा ‘शास्त्रीजी’ अशी हाक ऐकू आली. तिथे देहाची दुरुस्ती झाली नव्हती, माणसांतला त्याचा पाट मात्र पुन्हा मांडला गेला होता.

मग औषध आले, आणि माझ्या मुद्द्याची खरी कसोटी तिथे लागली. चाळीसच्या दशकात डॅप्सोन वापरात आले. 1951 साली गांधी स्मारक निधीने कुष्ठरोग कार्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान काढले. त्याचे ठाणे वर्धा. डॉ. रा. वि. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी जी पद्धत बसवली ती पुढे देशाने उचलली : घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरी राहूनच उपचार. रुग्णाला हुडकून वेगळ्या वसाहतीत नेऊन टाकण्याऐवजी त्याला गावातच ठेवून औषध द्यायचे, हा त्यातला विचार. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला त्यांत वर्धा होता. ठरावीक मुदत गोळ्या घेतल्या की जंतू नाहीसे होऊ लागले. डिसेंबर 2005 मध्ये, दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण असल्याने, कुष्ठरोग ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही असे देशपातळीवर जाहीर झाले.

शरीर दुरुस्त झाले. स्मृती तर कधी गेलीच नव्हती. नेहमीच्या वाचनाप्रमाणे आता आतला माणूस आपोआप बाहेर यायला हवा होता. तसे झाले का? बरे झाल्याचा दाखला खिशात असूनही वसाहतीतच म्हातारी झालेली माणसे महाराष्ट्रभर आहेत. घरच्यांनी परत नेले नाही. मुलाच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून बापाने स्वतःहून लांब राहायचे. तपासणीत जंतू सापडत नाही, पण पंगतीत पान वाढले जात नाही. यंत्रभाग कितीही उत्तम बसवा, स्मृती कितीही शाबूत ठेवा, समोरच्याने ओळख दिली नाही तर माणूस परत येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा विज्ञानकथेत मिळायचा नाही.

बाबा आमटे हे वर्धा जिल्ह्यातल्याच हिंगणघाटचे. 26 डिसेंबर 1914 चा त्यांचा जन्म. त्यांचे काम सीमेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात उभे राहिले. तिथे वकिली आणि नगरपालिकेचे राजकारण करता करता त्यांनी सफाई कामगारांबरोबर मैला वाहण्याचे काम अंगावर घेतले होते. आपण कशालाच भीत नाही, अशी त्यांची स्वतःविषयीची धारणा होती. पावसाच्या एका रात्री गटाराकाठी पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. बोटे गेलेली, अंगात अळ्या पडलेल्या. बाबा घाबरून पळाले. मग परत आले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. बाबा मात्र कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन आले आणि कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहिले.

या प्रसंगात माणूसपण कोणाचे हरवले होते? तुळशीरामाचे नक्कीच नाही. तो गटाराकाठी पडलेला असतानाही पुरता माणूस होता. पळाला तो धडधाकट वकील. त्या क्षणी भीतीने त्याच्यात एक आज्ञा भरलेली होती, आणि आज्ञा भरलेले यंत्र जसे वागते तसा तो वागला. परत फिरला तेव्हा त्याने ती आज्ञा मोडली. मर्फीच्या डोक्यातही कंपनीने एक गुप्त आज्ञा घातलेली असते : कंपनीच्या वरिष्ठावर हात उगारायचा नाही. तुमच्या-माझ्या डोक्यात जातीने, घराण्याने, किळसेने, सवयीने अशा किती आज्ञा भरून ठेवल्या आहेत, याची यादी प्रत्येकाने आपापली करावी. सायबॉर्ग म्हणून बोट दाखवायचे तर ते आधी या आपल्या आज्ञाधारकपणाकडे दाखवावे लागेल.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. माणूसपण दुसऱ्याने द्यायचे असेल तर ज्याला कोणीच हाक मारत नाही तो माणूस नाही का? तो आहेच. माणूस असणे हे कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही, ते जन्माबरोबर येते आणि मरेपर्यंत जात नाही. पण माणूस असणे आणि माणूस म्हणून जगता येणे यांत अंतर आहे. पहिले हक्काचे आहे. दुसरे शेजाऱ्यांच्या हातात आहे, म्हणूनच शेजाऱ्यांवर जबाबदारी येते. आतून उठण्याची जिद्द नसेल तर बाहेरचा हात निरुपयोगी ठरतो हेही खरे. मर्फी स्वप्नानंतर चालू लागला नसता तर ल्यूइसला तो भेटला नसता. आनंदवनातल्या माणसांनी बोथट बोटांत कुदळ धरून खडकाळ माळ पिकवला, विहिरी खणल्या. ती जिद्द त्यांची होती. बाबांनी त्यांना भीक न देता काम दिले, यातच त्या जिद्दीची ओळख होती. दया दाखवणाऱ्याला समोरचा माणूस लहान दिसतो. काम देणाऱ्याला त्याच्याकडून काही अपेक्षा असते, आणि अपेक्षा बरोबरीच्या माणसाकडूनच करतात.

यंत्राविषयी गांधीजींचे नाव घेतले की ‘ते यंत्रविरोधी होते’ असे म्हणून चर्चा मिटवली जाते. ‘हिंद स्वराज्य’ 1909 चे आहे आणि त्यातली यंत्रावरची टीका जहाल आहे. पण 1924 साली त्यांना याविषयी विचारले गेले तेव्हा आपले शरीर हेच एक नाजूक यंत्र आहे असे त्यांनी उत्तर दिले. विरोध आहे तो यंत्राच्या वेडाला, असा खुलासा केला आणि शिवणयंत्राचा सन्माननीय अपवाद केला. 1934 च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, कागद, चरखा यांच्यावर प्रयोग चालवले. पायाने फिरवायचा, दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन धागे काढणारा मगन चरखा आठवा. हे यंत्रच आहे आणि चांगले सुधारलेले यंत्र आहे. त्यांचा प्रश्न यंत्र किती आधुनिक आहे हा नव्हता. त्याचा मालक कोण, आणि चालवणाऱ्याचा त्यात हात-मेंदू वाढतो की आखडतो, हा होता. 1931 साली लंडनमध्ये चार्ली चॅप्लिन गांधीजींना भेटला तेव्हाही बोलणे यंत्रावरच झाले. चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ 1936 च्या फेब्रुवारीत पडद्यावर आला. पट्ट्यावर सरकणारे नट पिळता पिळता त्यातला कामगार सुट्टीतही हात झटकत राहतो. त्याच्या अंगात एकही लोखंडी भाग बसवलेला नाही, तरी तो अर्धा यंत्र झालेला आहे.

मालकीचा हा प्रश्न आज कल्पनेतला राहिलेला नाही. अमेरिकेत सेकंड साइट नावाच्या कंपनीने अंधांच्या डोळ्यांत बसवायचे एक यंत्र बनवले होते. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. त्यांना अंधुक का होईना, प्रकाशाचे आकार दिसू लागले. पुढे कंपनी अडचणीत आली आणि तिने हे उत्पादन सोडून दिले. दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. डोळ्यात यंत्र तसेच आणि ते बिघडले तर विचारायला कोणी नाही, अशी त्या माणसांची अवस्था झाल्याचे 2022 साली जगापुढे आले. मर्फीचा देह कंपनीच्या मालकीचा असतो, ही 1987 सालची कल्पना होती. पस्तीस वर्षांत ती बातमी झाली. पेसमेकर, कानातले यंत्र, मेंदूत बसवायचे तंतू ही सारी वरदाने आहेत आणि ती आणखी स्वस्त व्हावीत असेच मी म्हणेन. पण शरीरात गेलेल्या यंत्रावर त्या शरीराच्या मालकाचा कायमचा हक्क हवा. कंपनी बुडाली तरी दुरुस्तीची माहिती खुली व्हायला हवी. मगनवाडीचा प्रश्न इथे शब्दशः लागू पडतो.

आणि आपल्याकडची गोष्ट. कुष्ठरोगातून बरे झालेल्या अनेकांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात, काहींची बोटेच नसतात. अशी म्हातारी बाई रेशनच्या किंवा पेन्शनच्या खिडकीपुढे उभी राहते, काचेवर बोथट बोट टेकवते. लाल दिवा लागतो. पुन्हा टेकवते, पुन्हा लाल. खिडकीतला माणूस वर न पाहता म्हणतो, ‘मशीन घेत नाही.’ वास्तविक नियमात यासाठी चांगली सोय आहे. बोटांचे ठसे नसतील तर बुबुळावरून आधार नोंदणी करावी, दोन्ही शक्य नसेल तर त्यांच्याविनाही करावी, हे केंद्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा जाहीरपणे स्पष्ट केले. तेव्हा अडते ते यंत्रापाशी नाही, वर न पाहणाऱ्या माणसापाशी अडते. त्याच्यापुढची बाई आपले नाव सांगते आहे, गावाचे नाव सांगते आहे, दोन शेजारी साक्षीला उभे आहेत. त्याच्या डोक्यात भरलेली आज्ञा तेवढी एकच : हिरवा दिवा.

कायद्याने आपले काम उशिरा का होईना, पुष्कळसे केले. रुग्णांना डांबून ठेवण्याची तरतूद असलेला 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरणारी कलमे 2019 साली विवाहविषयक कायद्यांतून वगळली गेली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तरहून अधिक वर्षे जोडीदाराचा हा आजार सोडचिठ्ठीला पुरेसा होता, आणि अनेक औषधांचा एकत्रित उपचार येऊन तीन-चार दशके उलटल्यावरही होता. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, वर्षाला एक लाखाच्या आसपास. त्यांतला प्रत्येक जण गोळ्यांनी बरा होऊ शकतो. प्रत्येक जण घरी परत जाईल का, हे मात्र गोळीवर नाही.

म्हणून सायबॉर्गची गोष्ट मी उलटी वाचतो. पोलादात अडकलेला माणूस कधी जागा होईल, हा तिचा प्रश्न नाहीच. तो जागाच असतो. प्रश्न त्याच्या आजूबाजूच्यांचा आहे : ते त्याला उपकरण म्हणून, ओझे म्हणून, संसर्ग म्हणून, बिघडलेला ठसा म्हणून पाहणार की नावाने हाक मारणार? अ‍ॅन ल्यूइसपाशी कसलेही तंत्रज्ञान नव्हते. दिवाणांपाशी औषध नव्हते, गांधीजींपाशीही नव्हते. तिघांनी जे केले ते करायला आजही पैसे पडत नाहीत.

माझी विनंती दोन प्रकारच्या वाचकांना आहे. तुम्ही खिडकीच्या आत बसणारे असाल, बँकेत, पोस्टात, तहसिलीत, रेशन दुकानात, तर मशीनने नकार दिल्यावर मान वर करा, समोरच्याचे नाव विचारा आणि अपवादाचा अर्ज स्वतः भरून द्या. अशा अपवादाची सोय नियमातच आहे. आणि तुम्ही खिडकीबाहेरच्या रांगेत असाल, तर पुढच्या माणसाचा ठसा उमटत नाही म्हणून कुरकुर करू नका, त्याच्या बाजूने बोला. तुमच्या घराण्यात कोणी वसाहतीत किंवा गावाबाहेर राहिलेला चुलता, आत्या, आजोबा असेल, त्याचे नाव घरात घेतले जात नसेल, तर ते घ्या. तो जिवंत असेल तर जाऊन घेऊन या.